२८ जूनचा अर्ज



वैशाख सरून ज्येष्ठ लागला की आमच्या नाहूरला दोन गोष्टींची वाट पाहणे सुरू होते. एक पावसाची आणि दुसरी निकालाची. वैद्यकाच्या प्रवेशासाठी साऱ्या देशात एकच परीक्षा घेण्याची पद्धत आता पडली आहे. ती मे महिन्याच्या आरंभी होते. पुढे जूनमध्ये निकाल लागतो, आणि निकालानंतर प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात. एका फेरीत नाव लागले नाही म्हणजे दुसरीची वाट, दुसरीत नाही तर तिसरीची. ज्या घरात असा एखादा विद्यार्थी असतो त्या घरात त्या दिवसांत कोणी मोठ्याने बोलत नाही. पाहुणे येत नाहीत, लग्नाची आमंत्रणे परत जातात, आणि आजीबाई देवापुढचा दिवा एक वातीऐवजी दोन वातींचा करतात. आमच्या चाळीच्या जागी आता इमारती उभ्या राहिल्या, परंतु ह्या मौनात काही फरक पडलेला मी पाहिला नाही.

ह्या वाट पाहण्याचा इतिहास सांगावा असा आजच्या भाषणाचा हेतू आहे. हा इतिहास आपल्याकडे फार जुना नाही. पावणेदोनशे वर्षांच्या थोडा पुढे त्याची मर्यादा जाते. त्यातही ज्या एका अर्जाविषयी मला विशेषेकरून बोलावयाचे आहे तो एका अठरा वर्षांच्या मुलीने १८८३ साली केला. ही मुलगी आमच्या ह्याच लोहमार्गावरची, कल्याणची. नाहूरचे स्थानक २००३ साली झाले. परंतु भांडुप आणि मुलुंड ह्यांच्यामधून जाणारे रूळ १८५३ सालचे आहेत. मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली ती ह्याच वाटेने, आणि पुढल्या वर्षी हा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. तेव्हा आनंदीबाई जोशी ह्यांच्याविषयी बोलताना मला शेजारच्या घरातल्या कोणाविषयी बोलत असल्यासारखे वाटते, त्याची श्रोत्यांनी क्षमा करावी.

प्रथम मुंबईतील परिस्थिती कशी होती ते पाहू. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट ह्यांना येथे वैद्यकाचे शिक्षण देणारी संस्था निघावी अशी फार इच्छा होती. १८३८ साली ते वारले, आणि त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी वर्गणी जमविली. सर जमशेटजी जीजीभाई ह्यांनी रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली. अशा रीतीने भायखळ्यास जे. जे. रुग्णालय आणि त्याच्या शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज ही दोन्ही १८४५ साली सुरू झाली. डॉक्टर चार्ल्स मोरहेड हे कॉलेजचे पहिले प्रमुख. पहिल्या तुकडीतून सहा वर्षांनी, म्हणजे १८५१ साली, आठ जण अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाले. भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग, अनंत चंद्रोबा ही नावे त्यांत होती. तसेच पारशी आणि गोमंतकीय ख्रिस्ती विद्यार्थीही होते. भाऊ दाजी कॉलेजात येण्यापूर्वी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षक होते. हा तपशील मी मुद्दाम सांगतो, कारण शिक्षकीपेशा सोडून वैद्यकाच्या बाकावर जाऊन बसणारा तो गृहस्थ आम्हा मास्तरमंडळींना फार जवळचा वाटतो. पुढे आत्माराम पांडुरंगांच्या घरी प्रार्थना समाजाची स्थापना झाली, आणि भाऊ दाजींचे नाव प्राच्यविद्येच्या संशोधनात गाजले. डॉक्टरकीच्या त्या पहिल्या आठांनी नुसत्या नाड्याच पाहिल्या नाहीत.

परंतु त्या आठांत स्त्री नव्हती, त्यानंतरच्या पुढल्या तीस-पस्तीस तुकड्यांतही नव्हती. असावी असे कोणाच्या मनातही आले नाही. आणि ही गोष्ट एकट्या मुंबईची होती असे मात्र समजू नये. अमेरिकेत एलिझाबेथ ब्लॅकवेल ह्या बाईंनी १८४७ साली अनेक कॉलेजांकडे अर्ज केले आणि ठिकठिकाणांहून नकार घेतले. अखेर न्यूयॉर्क प्रांतातल्या जिनीव्हा येथील एका लहानशा कॉलेजातील अध्यापकांनी स्वतः नकार देण्याचे टाळून तो प्रश्न विद्यार्थ्यांपुढे मतासाठी टाकला. मुलांना वाटले, कोणीतरी थट्टा आरंभिली आहे. त्यांनी एकमताने होकार दिला. ब्लॅकवेलबाई खरोखरीच दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा थट्टा संपली. १८४९ साली त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. एका शतकाचे भवितव्य कधी कधी पोरांच्या टवाळीवर अवलंबून असते!

एडिंबरोची गोष्ट याहून कडू आहे. तेथे १८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक आणि त्यांच्या मैत्रिणींनी विद्यापीठात नाव घातले. त्यांतल्या एडिथ पीची ह्या बाईंनी १८७० साली रसायनशास्त्राच्या परीक्षेत प्रथमच बसणाऱ्या विद्यार्थ्यांत सर्वांहून अधिक गुण मिळविले. त्या गुणांवर होप शिष्यवृत्ती त्यांची होती. परंतु प्राध्यापकांनी ती खालच्या क्रमांकाच्या पुरुष विद्यार्थ्यास दिली. कारण असे सांगितले की, स्त्रियांचा वर्ग निराळा भरतो. हा वर्ग निराळा भरविला कोणी, तर विद्यापीठानेच! त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या परीक्षेस जात असता सर्जन्स हॉलच्या दारात दांडगाई झाली, त्यांच्यावर चिखल फेकला गेला. आणि १८७३ साली न्यायालयानेही त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. पीचीबाईंनी मग स्वित्झर्लंडातील बर्न येथे पदवी घेतली व आयर्लंडात परवाना मिळविला. ह्या पीचीबाईंचे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे; त्या पुढे मुंबईच्या बंदरात उतरणार आहेत.

आता कल्याणकडे वळू. ३१ मार्च १८६५ हा आनंदीबाईंचा जन्मदिवस. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरे गोपाळराव जोशी, टपालखात्यातील कारकून, बिजवर, आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी वडील. बायकोने शिकले पाहिजे ह्या एका वेडाने ह्या गृहस्थाला झपाटले होते. त्या काळी बायको स्वयंपाकघर सोडून पुस्तक घेऊन बसली म्हणून मार खाई. गोपाळराव ती पुस्तक सोडून स्वयंपाकघरात गेली म्हणून मारीत. त्यांच्या कठोरपणाविषयी आनंदीबाईंनी स्वतः पुढे त्यांना पत्रात लिहून ठेवले आहे, तेव्हा त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. त्यांचे उपकारही त्या पत्रांत आहेत.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांनी गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही. त्या काळच्या घरांत बाळंतिणीची खोली म्हणजे अंधार, धूर आणि सुईण. पुरुष डॉक्टरास तेथे प्रवेश नव्हता आणि स्त्री डॉक्टर ही वस्तू अस्तित्वातच नव्हती. आनंदीबाईंच्या मनात डॉक्टरकीची इच्छा ह्या खोलीत जन्मास आली असे मानण्यास काही हरकत दिसत नाही.

१८७८ साली गोपाळराव कोल्हापुरास होते. तेथून त्यांनी रेव्हरंड वाइल्डर ह्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरास राहिलेले, आणि त्या वेळी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे एक मासिक चालवीत. गोपाळरावांचे मागणे असे की, पत्नीच्या शिक्षणासाठी आपणांस अमेरिकेत यावयाचे आहे, तर तेथे काही कामाची सोय होईल काय? वाइल्डरसाहेबांचे उत्तर थोडक्यात सांगावयाचे तर, ख्रिस्ती व्हा म्हणजे पाहू. हे पत्र व त्याचे उत्तर त्यांनी आपल्या मासिकात छापून टाकले. गोपाळराव ख्रिस्ती होणाऱ्यांपैकी नव्हते. सबब तो अर्ज तेथेच संपला असे कोणीही म्हटले असते.

परंतु झाले असे की, न्यू जर्सी प्रांतातल्या रोझेल गावच्या मिसेस थिओडिशिया कार्पेंटर ह्या बाई १८८० साली दंतवैद्याकडे गेल्या होत्या. आपली पाळी येण्याची वाट पाहात बसल्या असता समोर पडलेल्या जुन्या मासिकांतले एक त्यांनी सहज उचलले, आणि त्यात त्यांना तो पत्रव्यवहार दिसला. हजारो मैलांवरच्या एका अनोळखी मुलीच्या शिकण्याच्या इच्छेने त्यांचे मन हेलावले, आणि त्यांनी पत्र लिहिले. वैद्याच्या दारी वाट पाहात बसणे किती कंटाळवाणे असते हे आपण सर्व जाणतो. हिंदी स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासात मात्र त्या अर्ध्या तासाला मोठे मोल आहे.

तेथून तीन वर्षे पत्रे चालली. आज अर्ज केल्यावर क्षणार्धात तो पोहोचल्याची पोच यंत्र देते. त्या वेळी पत्र बोटीने जाई, बोटीने येई. प्रश्नाचे उत्तर हाती पडेपर्यंत ऋतू पालटे. गोपाळराव टपालखात्यात असल्यामुळे बदल्याही होत, आणि बदलीबरोबर पत्त्याचा बदल. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर! त्या पत्रांतून आनंदीबाईंनी आपले सणवार, चालीरीती, बालविवाह, विधवांची स्थिती ह्यांविषयी मोकळेपणाने लिहिले. कार्पेंटरबाईंस त्या मावशी म्हणू लागल्या. ह्याच काळात त्यांची प्रकृती बिघडली. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा मागे लागला. मावशींनी अमेरिकेहून औषध धाडले. वैद्यकाच्या शिक्षणासाठी वाट पाहणारी मुलगी स्वतःच रोगी झाली होती, ही गोष्ट पुढील हकीकत ऐकताना आपण विसरता कामा नये.

मुंबईत असताना त्या मिशनच्या शाळेत जात. हातात पुस्तके, पायांत जोडा, एकटी रस्त्याने चालणारी ब्राह्मणाची बायको, हा त्या काळी तमाशाचाच विषय होता. लोक थांबून पाहात, टवाळी करीत. कलकत्त्यासही फारसे निराळे नव्हते. हे अनुभव त्यांनी पुढे भरसभेत सांगितले. ती सभा म्हणजे २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात झालेली. आपण अमेरिकेस का जातो, हा त्यांच्या भाषणाचा विषय होता, आणि भाषण इंग्रजीत होते. आजच्या प्रवेशाच्या भाषेत बोलावयाचे तर हीच त्यांची मुलाखत. फरक एवढाच की, परीक्षक समोर दोन-तीन नव्हते. सारा समाज होता. लोक जे प्रश्न त्यांच्या पाठीमागे विचारीत ते त्यांनी स्वतःच एकामागून एक मांडले आणि प्रत्येकाचे उत्तर दिले. हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकटी का जातेस? परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचे काय? तिकडे काही बरेवाईट झाले तर? जे कोणा बाईने केले नाही ते तूच का करावेस?

ह्यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या विषयाशी निगडित आहे. हिंदुस्थानात सोय अजिबात नव्हती असे नाही. मद्रासच्या मेडिकल कॉलेजाने १८७५ सालीच स्त्रियांस प्रवेश दिला होता, आणि सुईणीचे वर्ग तिन्ही इलाख्यांत होते. आनंदीबाईंनी हे नाकारले नाही. त्यांचे म्हणणे असे की, येथे मिळणारे शिक्षण अपुरे आहे, आणि शिकविणाऱ्यांची वृत्ती जुन्या वळणाची व थोडी मत्सराची आहे. धर्माच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर तर प्रसिद्धच आहे. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन असे त्यांनी निक्षून सांगितले. सतरा वर्षांची, अठरावे पुरे होण्यास महिना उरलेला, अशी ही मुलगी परक्या भाषेत हे बोलत होती! चाळीस मुलांच्या वर्गात उभे राहून चार वाक्ये मराठीत बोलण्यास सांगितले असता पाय लटपटणारी मुले मी जन्मभर पाहिली. म्हणून ह्या सभेचे मला फार कौतुक वाटते.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ ह्या बोटीने निघाल्या. सोबतीला नवरा नव्हता, नातलग नव्हते. ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या, आणि कार्पेंटर मावशी त्यांना घरी घेऊन गेल्या. येथे एक गोष्ट नीट ध्यानात यावी. समुद्र ओलांडून झाला, जात पणाला लागली, परंतु प्रवेश अजून मिळालेला नव्हता! आज आपण जागा निश्चित झाल्यावाचून वसतिगृहाचे पैसेही भरीत नाही.

रोझेल येथून २८ जून १८८३ रोजी त्यांनी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजकडे अर्ज केला. हे कॉलेज खास स्त्रियांसाठी १८५० साली स्थापन झालेले होते. अर्ज कॉलेजच्या कारभारातील अल्फ्रेड जोन्स नावाच्या गृहस्थांच्या नावे आहे. त्यात काय आहे ते सांगतो. आपले वय अठरा आहे हे त्या सांगतात. आपले आजवरचे शिक्षण कॉलेजच्या सर्व अटींस पुरे पडणार नाही, हे त्या आधीच कबूल करतात. मात्र आपली प्रकृती चांगली आहे असे लिहितात. आणि ज्या निर्धाराने आप्तांचा व जातीचा एकवटलेला विरोध मोडून आपण येथवर आलो, तो निर्धार पुढेही उपयोगी पडेल असे त्या म्हणतात. हेतू एकच सांगितला आहे. आपल्या देशभगिनी पुरुष वैद्याकडून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करतात. त्यांना खरी वैद्यकीय मदत द्यावयाची आहे. शेवटी माणुसकीचा आवाज आपल्या बाजूस आहे आणि आपण हरता कामा नये, अशा अर्थाचे शब्द आहेत.

अर्जात आपल्या उणिवा स्वतः सांगणे आम्ही मास्तरांनी मुलांना कधी शिकविले नाही. उणीव झाकावी, गुण फुगवून लिहावेत, हीच रीत. आनंदीबाईंनी उलट केले. प्रकृतीविषयीचे वाक्य मात्र वाचताना आज मनाला चटका बसतो. ते लिहिणारीला त्याआधीची तीन वर्षे ज्वर आणि डोकेदुखी सोडीत नव्हती. ते खोटे लिहिले असे मी म्हणणार नाही. प्रवेशाच्या दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास आपली प्रकृती चांगलीच वाटत असते.

कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली ह्या रसायनशास्त्राच्या विदुषी होत्या. अर्ज मंजूर झाला, आणि ऑक्टोबर महिन्यात शिक्षण सुरू झाले. प्रमाणपत्र नाही, शाळेची परीक्षा नाही, ओळख सांगावी असा कोणी मोठा मनुष्य नाही. एका पत्रावर भरवसा ठेवून त्या बाईंनी दार उघडले. ह्यात बॉडलीबाईंचे मन जितके दिसते तितकाच त्यांच्या कॉलेजचा इतिहासही दिसतो. स्वतः ज्यांनी तीस वर्षे दारे ठोठावली होती त्यांना दार ठोठावणाऱ्याचा आवाज ओळखता आला.

आता ह्या हकीकतीतील दैवाचा खेळ पाहा. आनंदीबाई ज्या साली हिंदुस्थान सोडून गेल्या त्याच १८८३ साली इकडे मुंबईत दारे उघडू लागली. मुंबईच्या ट्राम कंपनीशी संबंध असलेले जॉर्ज किटरेज नावाचे एक अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली ह्या दोघांनी स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारला. त्यांच्या मागण्या दोन. विलायतेहून स्त्री डॉक्टर आणाव्यात, आणि येथील कॉलेजात स्त्रियांस शिकू द्यावे. पेस्तनजी होरमसजी कामा ह्यांनी स्त्रिया व मुले ह्यांच्या रुग्णालयासाठी पैसा दिला. त्याची कोनशिला १८८३ च्या नोव्हेंबरात बसली. ग्रँट मेडिकल कॉलेजाने स्त्रियांस प्रवेश देण्याचे ठरविले तेही त्याच वर्षी, मुंबई विद्यापीठाने आपल्या परीक्षा स्त्रियांस खुल्या केल्या त्याही त्याच वर्षी. आणि डिसेंबरात बोटीतून उतरल्या त्या डॉक्टर एडिथ पीची. एडिंबरोला पहिला क्रमांक येऊनही ज्यांची शिष्यवृत्ती हिरावली गेली त्याच. एक स्त्री डॉक्टर होण्यासाठी हिंदुस्थानातून अमेरिकेला गेली, आणि आठ महिन्यांनी डॉक्टर झालेली दुसरी स्त्री हिंदुस्थानात आली.

मग आनंदीबाईंनी आणखी वर्षभर वाट पाहिली असती तर? हा प्रश्न माझ्याकडे अनेकांनी काढला आहे. माझे मत स्पष्ट आहे. प्रथमतः, दार उघडणार आहे हे बाहेर उभ्या असलेल्यास कळत नसते. दुसरे असे की, भायखळ्याचे दार उघडले तरी त्याला उंबरठा होता. पदवीच्या अभ्यासक्रमास बसण्यासाठी मॅट्रिक्युलेशन लागे, आणि आनंदीबाई मॅट्रिक नव्हत्या. घरी, बदल्यांच्या गावी, नवऱ्याच्या हाताखाली आणि मिशनच्या शाळेत तुकड्यातुकड्यांनी शिकलेली ती मुलगी मुंबईच्या नियमांत बसली नसती. मी स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलो नाही, म्हणून त्या परीक्षेचा मान मी कमी करीन असे नव्हे. परंतु फिलाडेल्फियाने जे पाहिले ते मुंबईच्या कोष्टकात मांडता येण्याजोगे नव्हते.

ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर मी एकांगी ठरेन. केवळ पत्रावर प्रवेश देणे म्हणजे पत्र वाचणाऱ्याच्या मनावर सर्व काही सोपविणे. रेचल बॉडलींच्या जागी रेव्हरंड वाइल्डर असते तर? तेच पत्र, तोच निर्धार, आणि उत्तर निराळे. ज्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव नसते, जात नसते, स्त्री की पुरुष हे तपासणाऱ्यास कळत नाही, त्या परीक्षेने कित्येक गरिबांच्या मुलांना दार उघडून दिले हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पीचीबाईंना गुण मिळाले होते. त्यांना नडली ती गुण पाहून झाल्यावर माणूस पाहण्याची पद्धत. म्हणून निकालाच्या यादीला नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. देशभर एकच परीक्षा प्रथम २०१३ साली झाली, त्याच वर्षी न्यायालयाने ती रद्द ठरविली, आणि २०१६ पासून ती पुन्हा लागू झाली. ह्या उलथापालथीत मुलांचे हाल झाले हे खरे. परंतु मुलाखतीच्या खोलीत कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, हे विचारले जाण्यापेक्षा ते पत्करले.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. ची पदवी मिळाली. प्राचीन आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदानास पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर दरबाराने तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाची जागा त्यांना देऊ केली. ज्या कोल्हापुराहून आठ वर्षांपूर्वी तो पहिला नाकारलेला अर्ज गेला होता तेच हे कोल्हापूर! परंतु फिलाडेल्फियाची थंडी त्यांच्या छातीत बसली होती. वर्षअखेरीस त्या परत आल्या त्या क्षयाने खंगून. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. वय पुरते बावीसही नव्हते. कोल्हापूरच्या जागेवर त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे गेली आणि न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे आपले इंग्रजी पुस्तक आनंदीबाईंच्या स्मृतीस अर्पण केले, आणि त्याची प्रस्तावना रेचल बॉडलींनी लिहिली.

मग तो प्रवेश वाया गेला काय? हिशेबी मनुष्य म्हणेल, एका जागेवर तीन वर्षे खर्च झाली आणि रोगी एकही बरा झाला नाही. ह्या हिशेबाला उत्तर देण्याऐवजी मी एक दुसरे नाव घेतो. आनंदीबाईंहून काही महिन्यांनी मोठ्या असलेल्या रखमाबाई त्या वेळी मुंबईत आपल्या नवऱ्याने केलेल्या दाव्याला तोंड देत होत्या. बालपणी झालेले लग्न आपणांस मान्य नाही असे म्हणणाऱ्या त्या बाईस १८८७ साली न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाही तर तुरुंगात जा, असे बजावले. त्यांचे सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित. घरात वैद्यक होतेच. दावा मिटल्यावर पीचीबाईंच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ साली लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात दाखल झाल्या, आणि १८९४ साली डॉक्टर होऊन परतल्या. त्यांनी परीक्षा दिल्या त्यांत एडिंबरोचीही परीक्षा होती. पीचीबाईंवर जेथे चिखल उडाला त्याच गावी त्यांच्या पाठीशी उभी असलेली मुंबईची मुलगी उत्तीर्ण झाली. पुढे सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णालये सांभाळली. १९५५ साली, नव्वदी पार करून, त्या निवर्तल्या.

कामा रुग्णालय आमच्या लोहमार्गाच्या शेवटच्या स्थानकाजवळ अजूनही उभे आहे. नाहूरहून सकाळी गाडीत चढणाऱ्या गर्दीत पांढरा डगला हातावर टाकलेल्या मुली आता इतक्या असतात की त्यांच्याकडे कोणी वळून पाहात नाही. त्यांनी प्रवेशासाठी जो अर्ज भरला त्यात नाव, जन्मतारीख, गुण, प्रवर्ग, छायाचित्र, अंगठ्याचा ठसा, सर्व काही होते. डॉक्टर का व्हावयाचे, असा रकाना त्यात नसतो. आणि असता तरी शिकवण्यांच्या वर्गांनी त्याचेही उत्तर छापून दिले असते, ही शंका मला आहे. आनंदीबाईंचा २८ जून १८८३ चा अर्ज मात्र फिलाडेल्फियास ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलेला आहे, आणि तो वाचावयास मिळतो. आमच्या इमारतीतली एक मुलगी यंदा निकालाची वाट पाहात आहे. तिला मी तो वाचावयास दिला. दुसऱ्या दिवशी तिने तो परत आणून दिला आणि एवढेच विचारले की, गुरुजी, प्रकृती चांगली आहे असे त्यांनी का लिहिले?